पऱ्हाटीचा कोळसा आणि वंदनाचे दात

वंदनाला खुर्चीत बसवलं, पण ती तोंड उघडेना. पदर ओठांवर तसाच. मी चूळ भरायला पाणी दिलं. थंड पाणी दाताला लागलं तशी ती खांद्यापासून शहारली.

मी आदिलाबादला एका दातांच्या दवाखान्यात हेल्पर होते. सामान उकळून ठेवायचं, पेशंटच्या तोंडातलं पाणी नळीनं ओढायचं. डॉक्टर मॅडमना मराठी येत नसे, म्हणून खेड्यातल्या बायांचं बोलणं तेलुगूत सांगायचंही काम माझंच. एरवी मी फारशी बोलत नाही. दुसऱ्याचं बोलणं सांगायला मात्र लाज वाटत नसे.

आमच्या जिल्ह्याचे चार जिल्हे झाले, तेव्हाची गोष्ट. ऑफिसातल्या लोकांच्या बदल्या झाल्या. वंदनाचा नवरा तहसीलीत क्लार्क, त्याची ऑर्डर मंचेरियलची, कोळशाच्या खाणींच्या गावाची निघाली. तो गेला, क्वार्टरही मिळालं. मुलीला तिकडच्या शाळेत घालायचं होतं. पण वंदना दात पांढरे झाल्याशिवाय आपलं गाव नेरडीगोंडा सोडायला तयार नव्हती. नवरा रजा काढून तिला घेऊन आला होता.

"मावशी, कोळशाच्या गावाले जायच्या आधीच हिनं तोंडात खाण खोदली," तो मला म्हणाला.

मॅडमनी आरसा घालून पाहिलं. समोरच्या दातांना हिरडीजवळ खाचा पडल्या होत्या, कडेला काळी रेघ. काय लावता, विचारलं. चारकोल पेस्ट, असं ती म्हणाली. नव्या ऑफिसात जायचं म्हणून नवऱ्यानं स्वतःसाठी आणली होती. त्याचे खर्ऱ्याचे, म्हणजे तंबाखू-सुपारीचे डाग जरा उजळले, म्हणून हिनंही सुरू केली.

मॅडमनी तिचं बोट उजेडात धरलं. पेरांच्या रेषांत काळं बसलेलं. पेस्ट अशी बसत नाही, आणखी काय लावते ते विचार, असं मला म्हणाल्या.

वंदना हळूच म्हणाली, "ट्यूब लय मऊ लागे. दोनी कोळसाच न, मावशी? मंग मी चुलीतला पऱ्हाटीचा कोळसा कुटून त्यात मिठासंगं कालवला."

पऱ्हाटी म्हणजे कापूस वेचल्यावर उरलेली झाडं. आमच्याकडे जळणाला तीच. माझी आईही त्याच कोळशानं दात घासायची, त्यामुळे मला त्यात काही वावगं वाटलं नाही. मॅडमना वाटलं.

त्यांनी समजावलं ते असं. दाताला वरून कडक कवच असतं, त्याला इनॅमल म्हणतात. ते झिजलं की पुन्हा येत नाही. खालचा थर मुळातच पिवळा असतो. कोळसा वरचा डाग खरडतो, दाताचा रंग बदलत नाही. नवऱ्याचा डाग वरचा होता. वंदनाचा पिवळेपणा आतला, लहानपणापासूनचा. घासून कवच पातळ झालं, पिवळं जास्त दिसू लागलं, मग ती आणखी घासायची. नुसती पेस्टही रोज नको, तीही खरडते. आणि कितीतरी ट्यूबांत कीड रोखणारं फ्लोराइड नसतं.

"म्हंजे पांढरे होतच नाईत?" वंदनानं विचारलं.

घासून होत नाहीत, मी सांगितलं. आणखी घासलं तर नस उघडी पडेल, हेही सांगितलं.

तिनं पदर पुन्हा तोंडावर घेतला आणि नवऱ्याला म्हणाली, "तुमी जा. मी नाई येत."

"काऊन? तिथं काय तुह्या दाताइची ड्यूटी हाय?" तो पुढे आला आणि आ करून उभा राहिला. "हे पाय माहे."

पेस्टनं उजळलेले दात पुन्हा तपकिरी झाले होते. खर्रा काही सुटला नव्हता.

वंदना बघत राहिली. मग हसली, आणि पदर खाली आला.

मॅडम मला म्हणाल्या, "तोंड तसंच उघडं ठेवायला सांग. खाचा भरून घेते."

खाचा भरल्या. मऊ ब्रश आणि फ्लोराइडची साधी पेस्ट दिली. काही दिवसांनी सामान मंचेरियलला गेलं. वंदनाही गेली, पिवळे दात घेऊन.

डाग वरचा की रंग आतला, हे डॉक्टरकडून तपासून घेतल्याशिवाय घासत बसू नये, एवढं मी शिकले. मंचेरियलच्या क्वार्टरमध्ये गॅस होता, चूल नव्हती. अर्धा इलाज त्यानंच झाला असावा.