काळ्या डोळ्याचा मासा

"लेबल बदलायचं नाही. फाटलं तर तेच शब्द नव्या कागदावर उतरवायचे. आणि का, ते विचारायचं नाही."

पनवेलच्या ज्या कला महाविद्यालयात मी शिकले, तिथल्याच संग्रहात नोकरीला लागले, तेव्हा संग्रह सांभाळणाऱ्या कुलकर्णी सरांनी मला सांगितलेला हा पहिला नियम. संग्रह म्हणजे दुसऱ्या मजल्यावरची लांबट खोली आणि काचेची नऊ कपाटं. त्यांत अडकित्ते, समया, लाखेची खेळणी, भरतकामाचे रुमाल, मण्यांची तोरणं. या सगळ्याची नवी यादी कॉम्प्युटरवर करणं हे माझं काम. तिचं पुढे पुस्तक निघणार होतं. यादी करता करता तीन वर्षं गेली आणि यादीत न मावणारे किस्से वस्तूंपेक्षा जास्त झाले. रात्रीच्या जेवणाला मी ते सांगायला लागले की आई म्हणते, "तू तिथे काम करतेस की नुसत्या गप्पा मारतेस?"

मी म्हणते, तिथे दोन्ही एकच आहे.

*

तिसऱ्या कपाटात लांब दांड्याची एक लाकडी फळी आहे. लेबल: 'समूहनृत्यात वापरले जाणारे शस्त्र.'

पहिल्या वर्षाची उलव्याची एक मुलगी तिच्यासमोर बराच वेळ उभी राहिली. मग मला हळूच म्हणाली, "ताई, याने माझे आजोबा मिठागरात मीठ ओढायचे. घरी अजून आहे एक."

मी तडक सरांकडे गेले. सरांनी पेपरातून डोकं वर न काढता ऐकून घेतलं आणि म्हणाले, "मग मीठ ओढून झाल्यावर नाचत असतील."

लेबल तसंच राहिलं. मी त्या दिवशी रागाने डबा खाल्ला नाही.

*

संग्रहातल्या वस्तू वापरायच्या नाहीत, असंही सर सांगतात. आणि दर दसऱ्याला स्वतः कपाट उघडून मोराच्या आकाराचा पितळी अडकित्ता काढतात, सुपारी कातरतात आणि सगळ्या स्टाफला वाटतात.

पहिल्या वर्षी मी भडकले. "सर, ही संग्रहातली वस्तू आहे."

"अगं जुई, वर्षातून एकदा तरी काम नको का तिला? नाहीतर विसरेल ती, आपण अडकित्ता आहोत म्हणून." मग त्यांनी तो माझ्याच हातात दिला. "दाब. कुठे सैल आहे, बोटाला कळतंय का बघ."

कळलं. मोराच्या मानेपाशी. शिकत असताना चार वर्षं काचेबाहेरून चित्रं काढून जे कळलं नव्हतं, ते एका सुपारीत कळलं. नंतरचा सगळा दिवस मी रागावण्याचा प्रयत्न करत होते. जमलं नाही.

*

दुसऱ्याच महिन्यात माझ्या हातून लाखेचा पोपट पडला. चोच एकीकडे, पोपट दुसरीकडे. आता नोकरी गेली, असं धरून मी सरांसमोर जाऊन उभी राहिले.

त्यांनी खणातून एक जाड वही काढली. 'मोडतोड.' पहिली नोंद त्यांचीच होती: समईचा मोर, मी स्वतः, पुसताना. मग प्राचार्य मॅडम. विद्यार्थिनी असताना त्यांनी एका सुरईचा कान तोडला होता. "लिही," सर म्हणाले. "नाव, वस्तू, कारण. आता तू इथली झालीस."

मी लिहिलं. आम्ही दोघं हसलोही. कामोठ्याला घरी जाताना रिक्षात मात्र माझ्या डोक्यात आलं, की आमच्याकडे प्रत्येक वस्तू मोडणाऱ्याचं नाव आहे. करणाऱ्याचं एकाचंही नाही. प्रत्येक लेबलावर, 'कारागीर: अज्ञात'.

दुसऱ्या दिवशी सरांना हे सांगितलं. "फार विचार करतेस तू," ते म्हणाले.

"तुम्हीच शिकवलंत, सर."

"बघायला शिकवलं होतं. बोलायला नाही."

*

सरांचं सगळ्यात गाजलेलं व्याख्यान पाचव्या कपाटासमोर होतं. तिथे मण्यांचं एक तोरण आहे. अकरा मासे, दहांचे डोळे लाल, एकाचा काळा. दरवर्षी नवी मुलं आली की सर तिथे थांबतात आणि आवाज खाली आणतात. "निर्दोष वस्तू करण्याचा अहंकार नको, म्हणून कारागिराने मुद्दाम ठेवलेली ही उणीव."

मुलं ते वहीत उतरवून घेतात. मीही घेतलं होतं. परीक्षेत हेच लिहून मी पैकीच्या पैकी मार्क घेतले होते.

*

गेल्या उन्हाळ्यात मी त्याच तोरणाची नोंद करत होते. खोलीची साफसफाई बघणाऱ्या हिराबाई मावशी शेजारी काच पुसत होत्या. टाइप करताना मोठ्याने वाचायची मला सवय आहे. "डोळा काळा, हेतुपुरस्सर. कारागीर, अज्ञात."

"लाल मनी सपले व्हते," मावशी म्हणाल्या.

"काय?"

"माज्या बहिनीच्या रुखवताला मीच केलेला ना. लाल मनी सपले, बापूस बाजारान गेला नाय, मग काला लावला. त्या माशाच्या मागं निला धागा आसंल बघ. आयच्या लुगऱ्याचा."

मी तोरण उलटं केलं. सगळीकडे पांढरा दोरा आणि त्या एका माशामागे निळा. बहिणीच्या सासरचं गव्हाण गावातलं घर बिल्डिंगसाठी पाडलं, तेव्हा सरांनीच ते तोरण तिथून आणलं होतं.

"मावशी, चौदा वर्षं तुम्ही ही काच पुसताय. बोलला का नाहीत?"

"सर पोरांना येवढा चांगला सांगतान. आयकून आयकून मला पन वाटाया लागला, मी मुद्दामच केला आसंल."

मी 'अज्ञात' खोडलं आणि विचारलं, नाव कुठलं घालू, माहेरचं की सासरचं? त्यांनी हातातलं फडकं बाजूला ठेवून विचार केला. "तवा लगीन कुठं झालावता?"

म्हणून लिहिलं: हिरा जोमा म्हात्रे. त्यांनी ते स्क्रीनवर बोट न लावता एकेक अक्षर करून वाचलं. मग म्हणाल्या, "पुस्तक झाला का येक मला दे. बहिनीला दावायचा हाय."

*

पुस्तकाची प्रुफं आली, तेव्हा मॅडमच्या केबिनमध्ये तिघं बसली होती. मॅडम, सर आणि आमचे सगळ्यात जुने विश्वस्त अण्णासाहेब. अण्णासाहेबांचं बोट त्या नावावर होतं.

"हे कुठून आलं?"

मी सांगितलं. निळ्या धाग्यासकट.

"साफसफाईची बाई? उद्या प्रत्येक कपाटापुढे कोणीतरी येऊन म्हणेल, हे माझं."

"आलं तर बरंच होईल," मी म्हणाले.

"जुई," मॅडम समजुतीने म्हणाल्या, "सरांची अख्खी प्रस्तावना त्या डोळ्यावर आहे. आता बदलायला वेळ नाही. या वेळी 'अज्ञात' राहू दे, पुढच्या आवृत्तीत बघू."

मी सरांकडे बघितलं. ते त्या पानाकडे बघत होते. तसेच बघत म्हणाले, "लेबल बदलत नाहीत."

"सर, मला बघता येतं ते तुमच्यामुळे. हे मी कुठेही सांगेन, कोणालाही सांगेन. पण 'अज्ञात' मी टाइप करणार नाही. बाई आपल्या ओळखीची आहे."

"मग दुसरं कोणीतरी करेल," अण्णासाहेब म्हणाले.

"करू दे. त्याआधी एक करा. मावशी बाहेर बाकावर बसल्यात. मी त्यांना आत बोलावते. तुम्ही तिघांनी त्यांना तोंडावर सांगा, की त्या अज्ञात आहेत."

मी दारापाशी गेले आणि कडीवर हात ठेवून थांबले.

अण्णासाहेबांनी चष्मा काढला. मॅडमनी सरांकडे बघितलं. सरांनी कोणाकडेच बघितलं नाही.

'बोलाव' कोणी म्हणालं नाही. 'नको'ही कोणी म्हणालं नाही.