चंद्राबाईचं अठरा हिमोग्लोबिन

कळंबला जगदीशशेठच्या रिसॉर्टवर पाहुणे येतात ते चुलीवरच्या भाकरीसाठी. घरात जरा धूर झाला की खिडक्या उघडणारी ही मंडळी, इथे मात्र त्यांना भाकरीला धुराचा वास हवा! बावीस वर्षं तो धूर भाकऱ्या भाजणाऱ्या चंद्राबाईच्या छातीत जात होता, त्याची चौकशी कोण करतो?

हल्ली नळावरून येतानाही तिला दोनदा टेकावं लागे. ओठ जांभळट पडले होते. त्यात तपासणी शिबिरात बाकी बायकांचं हिमोग्लोबिन दहा-बारा, तिचं निघालं अठरा. झालं! शेठ हुरळला. विज्ञानात काठावर पास झालेल्या त्या दीडशहाण्याने दारावर फलकच ठोकला : ‘चुलीवरचं खा! आमच्या मावशी, वय पंचावन्न, हिमोग्लोबिन अठरा!’ शेजारी तिचा हसरा फोटो. चंद्राबाईही चार दिवस मिरवली, खोटं कशाला बोला.

पण धाप काही थांबेना. शेवटी तिने कर्जतला डॉक्टर रोहिणीबाईंना गाठलं. त्यांनी बोटाला रक्तातला प्राणवायू मोजायचा चिमटा लावला. हवा पंचाण्णवच्या वर, आकडा आला चौऱ्याऐंशी.

“मावशी, धुराने फुप्फुसं खराब झालीत. वर्षानुवर्षं प्राणवायू कमी पडला, म्हणून शरीराने तांबड्या पेशी वाढवल्या. त्या पेशीही शिकल्यात, जवळचा प्राणवायू अंगाला चटकन सोडून देतात. त्यावरच तुम्ही उभ्या आहात. पण रक्त दाट झालंय, गुठळी व्हायची भीती आहे. चूल आजच्या आज सोडा.”

“म्हंजे अठरा चांगलं नाय?”

“नाही. तुम्ही किती घुसमटलात, ते त्यातून कळतं.”

चंद्राबाईच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तिचं रक्त तिला जगवायला धडपडत होतं, आणि हा मेला त्याची जाहिरात करत होता!

रविवारी भर पंगतीत तिने शेठला सांगितलं, “गॅस आणा, नायतर मी चालले.”

“गॅसवरचं खायला इथवर कोण येईल गं मावशे? आणि तुला काय धाड भरलीय? अठरा हाय तुझं!”

तिने फुंकणी त्याच्या हातात कोंबली. “मग तुमचं पण करून घ्या की अठरा! बसा, फुंका.”

पाहुण्यांनी लगेच मोबाइल काढले. शेठला बसावंच लागलं. चौथ्या फुंकरीला तो खोकून खोकून लालबुंद झाला.

तोवर चंद्राबाई फलकावरचा आपला फोटो फाडून रस्त्याला लागली होती. फाटा दहा मिनिटांवर. तिथवर पोचायला तिला तीनदा बसावं लागलं.