चार कोअरवर मोंबासा

मुटिस्या किलोंझो यांनी उभी हयात नैरोबी-मोंबासा रस्त्यावर लॉरी हाकली. मग साखरेच्या आजाराने त्यांचा उजवा पाय गुडघ्याखालून नेला आणि माणूस अंगणातल्या खुर्चीला खिळला. बोलणं आटलं, मागोमाग जेवणही आटायला लागलं, तशी बायको काविन्या मनातून हादरली. तोंडाने मात्र म्हणायची, "अहो, खुर्ची झिजली बसून बसून!" लेक म्वेंदेने सुचवलं, कॉम्प्युटरवर लॉरीचा खेळ असतो, त्यात आपल्याच पोरांनी मोंबासाचा रस्ता घातलाय. त्या दिवशी म्हातारा पोटभर जेवला. काविन्याने कॉम्प्युटरसाठी बोकड विकले.

नैरोबीत लुथुली अव्हेन्यूवरच्या विजेच्या सामानाच्या बाजारात साधा बल्बसुद्धा दुकानात पेटवून दाखवल्याशिवाय कोणी घेत नाही. दोघं नाफुलाच्या दुकानात आली, तिथे तर काउंटरवर झाकणं काढलेले दोन कॉम्प्युटर आणि एक झिजलेलं स्टिअरिंग कायमचं मांडलेलं.

"बाबा, प्रोसेसर म्हणजे याचं इंजिन," नाफुला म्हणाली. "तुमच्या पैशांत या दोनांपैकी एक बसेल. हा जुना, बँकेत राबलेला, दहा कोअरचा. हा नवा, चारच कोअर. पण पडद्यावरचं चित्र स्वतःच काढतो."

"दहा सिलिंडर सोडून चार कोण घेईल?" मुटिस्या फिस्कारले. "चारावर पाव विकत हिंडायचं. घाट चढवत नाही त्याला."

"मग चढवून बघा की!"

दहावाल्याने पहिल्याच चढाला उचक्या दिल्या. रस्ता तुकड्यातुकड्याने यायचा; लॉरी इथे दिसायची, तोवर तिकडे खड्ड्यात. मुटिस्यांचा चेहरा उतरला. त्यांनी स्टिअरिंगवरचे हात काढून मांडीवर ठेवले.

"बोकडही गेले आणि लॉरीही," काविन्या पुटपुटली.

"दहा हमाल आहेत ते, बाबा. पोती वाहायला बरे. इथे एकट्याने सुसाट धावणारा लागतो," म्हणत नाफुलाने स्टिअरिंग दुसऱ्या कॉम्प्युटरला जोडलं.

आणि रस्ता वाहू लागला. सलग, सरळ, तळपत्या उन्हात. बिस्किटाएवढ्या त्या प्रोसेसरमध्ये अख्खा मोंबासा रोड कसा मावला, देव जाणे! मुटिस्या बोलू लागले. "हे एमाली. इथे चहा. इथे आमच्या ओंजाराच्या लॉरीचं टायर फुटलं होतं. आता म्तितो अंदेई, बघ, बाओबाब सुरू होतील!" झाडं आली. वर्षभर गप्प असलेला माणूस धबधब्यासारखा बोलत होता आणि गिऱ्हाइकं आपापले सौदे सोडून भोवती जमत होती. खेळातला रस्ता आखडलेला असतो, तरी नाफुलाचा मक्याच्या उगाली-भाजीचा डबा पार गार झाला. पण थांबा म्हणायला तिचीही जीभ रेटेना.

मोंबासा बेटावर नेणारा मकुपाचा बांध आला. दोन्ही बाजूंना पाणी पसरलं, निळं, लखलखतं, पार आभाळापर्यंत. काविन्या ताडकन उभी राहिली. लॉरीवाल्याच्या बायकोने जन्मात समुद्र पाहिला नव्हता.

"हे... हे तुम्ही दर फेरीला बघायचात?"

"दर फेरीला."

"आणि घरी येऊन कधी एक शब्द बोलला नाहीत!"

"काय सांगणार होतो गं?" मुटिस्या म्हणाले. "खूप पाणी आहे, एवढंच आलं असतं सांगता."

वांग्याच्या भावासाठीसुद्धा तास घालवणाऱ्या काविन्याने कमरेला गुंडाळलेल्या लेसोची गाठ सोडली आणि घासाघीस न करता पैसे काउंटरवर ठेवले. नजर पडद्यावरच होती.

"अहो," ती म्हणाली, "जरा कडेला घ्या ना. उभं राहून बघू."