बत्तीस पानं आणि एक खोडरबर

"किल्ली तुमच्यापाशी ठेवा वैनी," भाऊजी म्हणाले, "अन् घरात खोडरबर ठेऊ नोका."

गडचिरोलीच्या दवाखान्यातली ती आमची शेवटची भेट. शेजारच्या खाटेवरच्या माणसाला वाटलं, म्हातारा बरळतोय. नर्सबाईनंही माझ्याकडे कीव आल्यासारखं पाहिलं. मला मात्र हसू आलं आणि हसता हसता पदर डोळ्यांना लावावा लागला, कारण त्या वाक्याचा अर्थ जगात दोघांनाच ठाऊक होता आणि त्यातलं एक माणूस तिसऱ्या दिवशी सकाळी गेलं. यशवंत मेश्राम, माझे धाकटे दीर, एसटीतले निवृत्त कंडक्टर. पुण्यानुमोदनाला त्यांच्या डेपोतली माणसं आली, विहारातली आली, आणि प्रत्येकानं सांगितलं की यशवंतभाऊनं कधी कुणाचे सुटे पैसे ठेवले नाहीत. खरं आहे ते. पण मला जे सांगायचं आहे ते वेगळं आहे, आणि ते सांगताना माझीच फजिती होणार आहे. होऊ द्या. या वयात फजितीला कोण भितं.

ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला मी चंद्रपूरहून चामोर्शीच्या या घरात लग्न होऊन आले. मॅट्रिक पास. शाळेत स्वच्छतेचं बक्षीस म्हणून मिळालेली साबणदाणी मी रुखवतात मांडली होती, यावरून काय ते मला ओळखा. घरात आल्याबरोबर मी मडक्यांच्या उतरंडी सरळ केल्या, सासूबाईंच्या चुंबळी धुतल्या, आणि आठ दिवसांत घरातल्या कुणाला काही सापडेनासं झालं. सासूबाई म्हणायच्या, "सून नाई आणली, नगरपालिका आणली." मला ती स्तुतीच वाटायची.

एक वस्तू तेवढी माझ्या हाताबाहेर होती. भाऊजींची हिरवी पत्र्याची पेटी. त्या वेळी त्यांची नेमणूक चंद्रपूरच्या गाडीवर होती. चंद्रपुरात एक लहानसा छापखाना होता, तिथून 'डोंगऱ्या' नावाची चित्रकथा निघायची. सागवानचोरांच्या मागे लागणारा जंगलातला गडी, कमरेला कुऱ्हाड, सोबत एक काळी कुत्री. आठवडी बाजारात आणि बसस्टँडवर ती पुस्तकं विकली जायची. छापखान्यातून पुस्तकांचे गठ्ठे एसटीच्या टपावर चढायचे, आणि सुतळीनं पुस्तकांच्या कडा कापू नयेत म्हणून प्रत्येक गठ्ठ्याच्या वर एक आणि खाली एक जाड पुठ्ठा लावलेला असायचा. तो पुठ्ठा म्हणजे चित्रकारानं हातानं काढलेलं मूळ पान. फोटो घेऊन छपाई झाली की छापखान्याच्या लेखी ते पान संपलं... फेकण्यापेक्षा गठ्ठ्याला लावलेलं बरं. म्हणजे डोंगऱ्याची खरी पानं सुतळीत आवळून, धूळ खात, दोन जिल्ह्यांत फिरत होती, आणि गठ्ठा सुटला की दुकानदाराच्या चुलीत जात होती.

भाऊजींनी हे एकदा टपावर सामान बांधताना पाहिलं आणि त्यांना वेडच लागलं. मी विचारलं, "पुस्तक चार आण्याले भेटते भाऊजी, हा कचरा काऊन जमा करून राह्यले?"

"छापलेला डोंगऱ्या हजार जागी हाये वैनी," ते म्हणाले. "हा एकच हाये. याच्यावर त्या माणसाचा हात फिरला."

"एकच हाये म्हणून का पूजा मांडता त्याची?"

"मांडीनही," ते म्हणाले, आणि पेटीला कुलूप लावलं.

त्यांनी ठरवलं ते असं, की निदान एका पुस्तकाची सगळीच्या सगळी बत्तीस पानं जमवायची. डोंगऱ्या पूर आलेल्या नदीत उडी घेतो आणि पलीकडच्या टोळीला पकडून घरी येतो, ती गोष्ट. सुट्टीच्या दिवशी हा माणूस आपल्याच खात्याच्या गाडीत बसून दुकानं हिंडायचा. कुणाच्या गल्ल्याखालून पान काढलं, कुणाच्या गोठ्यातून. एकतीस जमली. बत्तिसावं, शेवटचं, ज्यात डोंगऱ्या घरी पोहोचतो, ते भामरागडला गेलं होतं. तिथल्या दुकानदारानं ते एका माडिया म्हातारीला देऊन टाकलं होतं, आणि तिनं ते मोहाच्या टोपलीवर झाकण म्हणून ठेवलं होतं. भाऊजींनी पैसे पुढे केले. म्हातारी गोंडीत जे बोलली त्याचा अर्थ दुकानदारानं सांगितला, "म्हणते, पैशानं टोपली झाकते का? उंदरं पैसे पाहून पळते का?" भाऊजी रिकाम्या हातानं परत आले. मग पावसाळा लागला, भामरागडचा रस्ता बंद झाला, आणि या माणसानं चार महिने घरात बसून काय केलं असेल, तर टोपलीच्या मापाचं पत्र्याचं झाकण शोधलं. बिस्किटाच्या डब्यांची झाकणं तो टोपल्यांवर लावून पाहायचा. पाऊस ओसरल्यावर एक झाकण काखेत मारून गेला. तिथं अवेळी पाणी चढलं आणि तो चार दिवस नदीपलीकडे अडकला.

ते चार दिवस माझे होते.

घाईत त्यांनी पेटीला कुलूप लावलं नव्हतं. मी झाकण उघडलं आणि मला किळसच आली. चित्रांखाली निळ्या पेन्सिलीच्या रेघाच रेघा. जागोजागी पांढऱ्या रंगाचे थर, खरूज धरल्यासारखे. संवादांच्या चिठ्ठ्या वेगळ्या लिहून चिकटवलेल्या, त्याही वाकड्या. कडेच्या जागेत कुणीतरी पेन्सिलीनं खरडलेलं आणि सुतळीचे मळकट वळ. मला वाटलं, बिचारे भाऊजी, एवढ्या हौसेनं जमवतात आणि ही अवस्था. येतील तेव्हा खूश करू. बाजारातून दोन खोडरबर आणले. नदीची पानं सगळ्यांत घाण होती, सतरा ते चोवीस, म्हणून तिथूनच सुरुवात केली. निळी रेघ एकही ठेवली नाही. पांढरा रंग ब्लेडनं खरवडून काढला. चिठ्ठ्या भिजवून सोडवल्या, भाताच्या खळीनं सरळ रेषेत लावल्या. कडा पट्टी धरून कापल्या, अगदी काटकोनात. आठ पानं झाली आणि खोडरबर संपले, म्हणून उरलेली वाचली. त्या दिवसांत मला माझा इतका अभिमान वाटत होता की मी दोनदा आरशात पाहिलं.

भाऊजी चिखलानं माखलेले आले, छातीशी बत्तिसावं पान, त्यावर टोपलीच्या काठाचा गोल डाग. मी आठ पानं खाटेवर मांडून ठेवली होती. त्यांनी पाहिलं. एकेक उचलून पाहिलं. मग पाणी मागितलं.

"लय मेहनत घेतली तुमी," ते म्हणाले.

"अजून करते ना जी, खोडरबर आणा."

"आता राहू द्या. हात दुखले असन तुमचे." एवढंच. त्या दिवसापासून पेटीची किल्ली त्यांच्या गळ्यात आली. पुढे आणखी एक गंमत माझ्या लक्षात आली, एकोणिसाव्या पानावर चिठ्ठ्यांची अदलाबदल होऊन टोळीचा म्होरक्याच डोंगऱ्याला म्हणत होता, 'भिऊ नको, मी आलो आहे.' भाऊजींनी तेही तसंच राहू दिलं. वर म्हणाले, "चोरालेही कधी चांगलं बोलू द्या जी."

मग छापखाना बंद पडला, चित्रकार वारला, आणि भाव चढला. माणूस गेला की त्याच्या हाताला किंमत येते, हे मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. ते दशक सरता सरता मुंबईहून एक गृहस्थ पत्ता शोधत आमच्या ओसरीवर आले. बाकीची सगळी पानं दोन जिल्ह्यांच्या चुलींत गेली होती, सबंध गोष्ट फक्त आमच्या पेटीत. त्यांनी भिंग काढलं. पहिल्या पानाला त्यांनी नव्या सायकलीची किंमत सांगितली तेव्हा मी चहाचा ट्रे घेऊन दारातच थांबले. निळ्या रेघांवरून ते बोट न टेकवता हात फिरवत होते. "हे पहा," ते म्हणाले, "इथे त्याचा विचार दिसतो. आधी हात असा होता, मग पांढरा लावून बदलला. लोक याचेच पैसे देतात." ते सतराव्या पानावर आले. भिंग खाली ठेवलं.

"हा गाढवपणा कोणी केला?"

मी तोंड उघडणार, तोच भाऊजी म्हणाले, "म्याच केला. तवा अक्कल नोती."

"निदान कापलेल्या कडा तरी आहेत? चिकटवून घेता येतील. बराच फरक पडेल."

"चुलीत गेल्या," भाऊजी म्हणाले.

गृहस्थ चोवीस पानं घ्यायला तयार होते, ती आठ नकोत. भाऊजींनी पानं गोळा केली. "घ्याची तं बत्तीसही घ्या. नाई तं चहा घ्या." त्यांनी चहा घेतला आणि गेले. पुढे पुन्हा आले, तेव्हा सायकलीची स्कूटर झाली होती. तिसऱ्यांदा आले त्या वर्षी आमच्या घराची अर्धी कौलं वाऱ्यानं नेली होती. मीच भाऊजींना म्हटलं, "विका ना चोवीस. माह्या पापाची आठ ठेवा घरात."

"मधातलीच आठ हायेत वैनी," ते म्हणाले. "ते ठेवले तं डोंगऱ्या नदीत उतरते अन् वर निंगतच नाई. पोचन कसा घरी?" कौलं त्यांनी पगारातून चढवली, दोन पावसाळे लागले. पलंगावर गळायचं तिथे ते स्वतः झोपायचे आणि पेटी माझ्या खोलीत, कोरड्या कोपऱ्यात.

पुण्यानुमोदन झाल्यावर मी किल्ली लावली. बत्तीस पानं क्रमानं होती. तळाशी त्यांची चामड्याची कंडक्टरची बॅग, आणि तिच्यात सुतळीनं बांधलेली एक जुडी. कागदाच्या लांब अरुंद पट्ट्या... मी कापलेल्या कडा. एकूण एक. मी केरात टाकलेल्या त्यांनी त्याच दिवशी वेचल्या असणार, चिखलाच्या कपड्यांनिशी. प्रत्येकीमागे त्यांच्या अक्षरात पानाचा नंबर. पुढच्या बाजूला चित्रकारानं खरडलेलं मी पहिल्यांदा वाचलं. 'पाणी फार काळं छापू नये.' 'कुत्री विसरलो होतो, घातली.' एकविसाव्या पानाच्या कडेवर, 'मुलीला ताप आहे, पुढचं पान उद्या देतो.'

म्हणजे त्या दिवशी भिंगवाल्यापासून चार पावलांवर त्या कडा होत्या. सगळी वर्षं होत्या. एकदा खळ लावली असती तर पेटीचा भाव कितीतरी चढला असता. पण मी दारात ट्रे घेऊन उभी होते, आणि कडा बाहेर काढल्या असत्या तर मी केरात टाकलेलं त्यांना वेचावं लागलं हे मला कळलं असतं.

मागच्या आठवड्यात त्या गृहस्थांच्या मुलाचा फोन आला. आता स्कूटर जाऊन मोटार आली आहे म्हणे. त्यानं चोवीस पानांचं विचारलं, मग हळूच, कडा कुठे मिळाल्या का म्हणून विचारलं. माझी नात शेजारी बसली होती, तिनं माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "चुलीत गेल्या जी. बत्तीसही राहतीन ते एकाच जागी, अन् विकाचे नाईत. चहा घ्याले या." नात म्हणाली, आजी, निदान आपल्यासाठी तरी लावू या का? खळीची वाटी काढायला मी खरंच उठले होते. परत बसले. माझ्या नीटनेटकेपणानं व्हायचं तेवढं झालं आहे. जुडी सुतळीसकट बॅगेत ठेवली, बॅग पेटीत, किल्ली गळ्यात. माझ्यानंतर ती नातीच्या गळ्यात जाईल, याच अटीवर की पेटी उघडेल तेव्हा बत्तीस पानं मोजली जातील.

ती चित्रं काढते. आमच्या घरात खोडरबर नाही, म्हणून पेननंच काढते, आणि हात चुकला तर ती रेघ तशीच ठेवून तिच्या बाजूनं दुसरी ओढते.