डोळे मिटून केलेली भांडणं

आमच्या मंडळीत भांडणं डोळे मिटून होतात. चर्चमध्ये आवाज चढवायचा नाही, म्हणून जे ऐकवायचं ते प्रार्थनेत ऐकवायचं. प्रार्थना देवाशी चाललेली, मधे बोलायची कुणाची टाप नाही, आणि ज्याला टोमणा बसला त्यालाही शेवटी 'आमेन' म्हणावं लागतं. चर्चच्या पाळकाची, म्हणजे धर्मगुरूची, बायको म्हणून उभा जन्म मी हे ऐकत आले.

साताऱ्यात होतो तेव्हा एक आजोबा दर रविवारी देवाकडं मागायचे, की आमच्या पाळकांना थोडक्यात बोलायची बुद्धी दे. आता ह्यांचा संदेश लांबायचा, हे खरंच आहे. बायबलातली इजिप्तातून निघालेली माणसं ह्यांच्या संदेशात कनानला पोचेपर्यंत घरी माझं मटण करपायचं. पण म्हणून देवाच्या आडून बोलायचं? आणि हे? सगळ्यांच्या आधी आमेन म्हणायचे! नागांसाठी गाजलेल्या शिराळ्याच्या मातीत असला गरीब माणूस कसा निपजला कुणास ठाऊक. मी चिडले की म्हणायचे, मनावर घेऊ नकोस. मग मीच घ्यायची.

पुढं सांगलीला बदली झाली. इथले कमिटीचे सेक्रेटरी म्हणजे प्रार्थनेतले पैलवान. चर्चच्या बंगल्यातली आमची पुढची खोली त्यांना जावयाच्या क्लाससाठी हवी होती. ह्यांनी नाही म्हटलं. झालं, पुढच्याच रविवारपासून सेक्रेटरींना ह्यांच्या तब्येतीची काळजी लागली. सांगलीची धूळ पाळकांना सोसत नाही प्रभो, त्यांना डोंगरात हवेशीर जागा दे. डोंगरात म्हणजे कोयनानगरला. ह्यांच्या हृदयाचं ऑपरेशन झालेलं, डॉक्टर सांगलीत, घाटातल्या वळणांवर भोवळ येते, आणि रिटायर व्हायला जेमतेम वर्ष उरलेलं. तरी कमिटीनं बदलीची मागणी बिशपसाहेबांकडं पाठवलीसुद्धा.

मग एका रविवारी बिशपसाहेब स्वतः आले. उपासना संपल्यावर चर्चमध्येच सभा बसली. सेक्रेटरींनी ह्यांची इतकी स्तुती केली, की मला वाटलं प्रेतयात्रेलाच आलोय. बिशपसाहेबांनी ह्यांना विचारलं, तुमचं काय म्हणणं? हे म्हणाले, आपण सांगाल तसं. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. तेवढ्यात बिशपसाहेब म्हणाले, निर्णयाआधी बाईंनी प्रार्थना करावी. सगळ्यांनी डोळे मिटले.

मी उभी राहिले. "हे प्रभो, आमच्या सेक्रेटरींसाठी तुझे आभार. ह्यांना भोवळ येते म्हणून त्यांनी घाटातलं गाव शोधलं. हृदय नाजूक आहे म्हणून डॉक्टरपासून लांबचं शोधलं. आम्ही गेल्यावर आमच्या पुढच्या खोलीत त्यांच्या जावयाचा क्लास जोरात चालू दे. आणि ही बदली तुझी इच्छा आहे की जावयाची, तेवढं बिशपसाहेबांना आजच कळू दे."

कुणी आमेन म्हणेना. मला वाटलं, संपलं, मीच ह्यांना घाटात पाठवलं.

आणि पुढच्या बाकावरून ह्यांचा आवाज आला, "आमेन!" इतक्या वर्षांच्या संसारात एवढा मोठा आवाज मी ऐकला नव्हता. मागोमाग बिशपसाहेब म्हणाले, मग सगळी मंडळी, आणि सगळ्यात शेवटी सेक्रेटरी. न म्हणून सांगतात कुणाला?

बदली तिथंच रद्द झाली. घरी येईस्तोवर मला रडू आवरत नव्हतं. हे दारात चपला काढता काढता म्हणाले, "प्रार्थना चांगली झाली. जरा लांबली."