आरसाबाईनं खाल्लेला दाणा

आरसाबाईला तोंडावर आरसाबाईच म्हणत आणि पाठीमागंही आरसाबाईच म्हणत. एवढं भाग्य त्या इमारतीत दुसऱ्या कुणाला लाभलं नव्हतं. डायरेक्टरला पाठीमागं काय म्हणत, ते छापण्यासारखं नाही.

इमारत दगड तपासणाऱ्यांची. वरच्या मजल्यावर शिकलेले लोक सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून बसत आणि खाली, जिन्यामागच्या खोलीत, आरसाबाई त्यांच्यासाठी दगड घासत असे. खोलीला एक खिडकी होती, ती उघडत नसे. उघडत नाही म्हणून तिनं एकूण नऊ अर्ज दिले होते. नवव्या अर्जावर ‘पाहिले’ असा शेरा आला होता.

काम असं. दगडाचा तुकडा कापायचा, गोल साच्यात ठेवून वरून चिकट रसायन ओतायचं. ते वाळलं की बाटलीच्या बुचाएवढी वडी होते. मग ती जाड भुकटीवर घासायची, मग बारीक, मग आणखी बारीक, आणि शेवटी हिऱ्याची भुकटी लावलेल्या कापडावर. प्रत्येक पायरीनंतर वडी धुवायची, हात धुवायचे, नखंसुद्धा. जाड भुकटीचा एक कण बारीक कापडावर गेला की दिवसभराची मेहनत पाण्यात. छतावरच्या ट्यूबलाइटवरची कंपनीची अक्षरं वडीत उलटी वाचता आली, की आरसाबाईच्या मते वडी झाली. वाचता आली नाहीत तर वरचे लोक काहीही म्हणोत, वडी झालेली नाही.

ही नोकरी मूळ तिच्या नवऱ्याची. तो कोरडंच घासायचा, कारण खोलीत पाण्याचा नळ मंजूर व्हायला अकरा वर्षं लागली. नळ आला तोवर त्याच्या छातीत दगड भरले होते. तोंडाला बांधायचे मास्क त्याच्यानंतर दोन महिन्यांनी आले. त्याच्या मापाचे मागवलेले, म्हणून तिला अजूनही मोठे होतात.

सव्वीस वर्षांत तिनं दगडातल्या धातूचा एकही दाणा हरवला नव्हता. तिच्या सर्व्हिस बुकावर डाग नव्हता. निवृत्तीला आठ महिने राहिले होते.

अशात वरचा डॉक्टर खाली फोन करता झाला. डॉक्टर म्हणजे दगडांचा, माणसांचा नव्हे. माणसांशी तो जमेल तितकं कमीच बोलायचा. एका जुन्या खाणीतल्या दगडाच्या दोन वड्या तिनं त्याला करून दिल्या होत्या. दोन्हींत प्लॅटिनमचा एकेक दाणा निघाला होता. पांढरा, किंचित पिवळसर, केसाच्या जाडीच्या पाव हिश्शाएवढा. त्या खाणीत आजवर प्लॅटिनम सापडलं ते आर्सेनिकशी जोडलेलं, तेव्हा हेही तेच, असं डॉक्टरनं ठरवून टाकलं होतं.

“बाई, दाण्यांवर ओरखडे आहेत,” तो म्हणाला.

“कुठं?”

“दोन्ही वड्यांत. वडी फिरवली की दाणा रंग बदलतो. आर्सेनिकवाला दाणा रंग बदलत नाही. ओरखडे असले की तसं भासतं.”

“आजूबाजूच्या दगडावर आहेत ओरखडे?”

“नाहीत.”

“मग माझा हात काय तेवढ्या दाण्यापुरताच वेडावाकडा पडला?”

“पुन्हा घासून द्या. मला शुक्रवारी लेख पाठवायचाय.”

वड्या खाली आल्या. आरसाबाईच्या तळपायाची आग मस्तकात गेली. रागात दगड घासू नये, हा नवऱ्यानं शिकवलेला पहिला नियम. तो मोडून तिनं पहिली वडी कापडावर धरली आणि एक तास घासली. ओरखडे? माझे? वडी अशी लखलखली की तिच्यात आपल्या नाकातले केस दिसावेत. मग तिनं खोलीतल्या जुन्या सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं. जिथं दाणा होता तिथं काळा खड्डा होता.

तिनं वडी पुसून पुन्हा पाहिली. खड्डाच.

तिनं कापड बाजूला सारलं. मग दुसरी वडी काढून, न घासता, नुसती पाहिली. दाण्यावर रेघा होत्या खऱ्या, पण सगळ्या एका दिशेनं, वहीतल्यासारख्या. आणि आरसाबाईचा हात तर कापडावर इंग्रजी आठाच्या आकड्यात फिरतो. त्या हातानं एकमेकींना समांतर रेघा पाडायच्या म्हटलं तरी पडणार नाहीत. शिवाय आर्सेनिकवाला दाणा टणक. आजूबाजूचा दगड झिजतो नि तो जुन्या फळीतल्या खिळ्यासारखा वर राहतो. हा खाली बसला होता, बशीसारखा. पहिला तर एका तासात लोण्यासारखा गेला होता. ओरखडे तिचे नव्हतेच; दाणाच तसा होता. आणि ते कळायला तिनं एक दाणा संपवला होता.

घरी नणंद पत्त्यांचा पेशन्स लावून बसली होती. दोघी एकाच घरात वीस वर्षं राहत होत्या आणि रोज एकमेकींना घरातून काढायच्या.

“त्यात काय मोठंसं?” नणंद म्हणाली. “दुसराही घास. दोन्ही खड्डे. म्हणावं दगडच सडका होता. कोण बघतंय?”

“मी बघतेय ना.”

“तू कोण गं मोठी? आठ महिने तोंड शिवून बसता येत नाही? माझा भाऊ असता तर गप्प बसला असता.”

“तुझा भाऊ गप्पच बसला. म्हणून तर गेला.”

नणंदेनं पत्ते गोळा केले. “बरं, मग बोंबल जाऊन. पण डबा तेवढा ने. उपाशीपोटी बोंबलू नकोस.”

सकाळी आरसाबाई वर गेली आणि डॉक्टरच्या टेबलापुढं उभी राहिली.

“साहेब, एक दाणा मी खाल्ला.”

डॉक्टरनं आधी तिच्या तोंडाकडं पाहिलं.

“घासताना गेला. चूक माझी. आणि दुसरी वडी मी घासणार नाही.”

“घासणार नाही म्हणजे? बाई, ती ऑफिसची वडी आहे!”

“असू दे. हात माझा आहे. आर्सेनिकवाला मी सव्वीस वर्षं घासतेय. तो माझ्या कापडाला भीक घालत नाही. हा एका तासात गेला. हा तो नव्हे. दाण्यात काय काय आहे ते सांगणाऱ्या मोठ्या मशीनला पाठवा. आर्सेनिक निघालं तर मेमोसोबत माझा राजीनामापण घ्या.”

“हे लेखी द्याल?”

“कागद आणा.”

तिनं दोन ओळी लिहिल्या, खाली सही केली. डॉक्टरनं दोन गोष्टी एकाच दिवशी केल्या. दुसरी वडी ते मशीन होतं त्या शहराला पाठवली आणि आरसाबाईचा कागद हेडक्लार्ककडं. हेडक्लार्कच्या हातून वर्षानुवर्षं काही हलत नसे. हा मेमो दुपारच्या चहाआधी टाइप झाला. चौकशी होईपर्यंत तिला घासण्यावरून काढून नमुन्यांच्या कपाटांना नवी लेबलं चिकटवायला बसवलं.

सहा आठवडे तिनं लेबलं चिकटवली. तिथं तिला एक गंमत कळली. प्लॅटिनमला स्वतःचा कप्पा असतो, पण ते एकटं असेल तरच. गंधकाशी जोडलं गेलं की गंधकवाल्यांच्या कप्प्यात जातं, आर्सेनिकशी जोडलं गेलं की आर्सेनिकवाल्यांच्या. रात्री तिनं नणंदेला सांगितलं, “सोन्याहून भारी धातू, पण घर जोडीदाराच्या नावानं.”

“म्हणजे आपल्यासारखंच,” नणंद पत्ता टाकत म्हणाली. “आपण भारी नाही एवढंच.”

सातव्या आठवड्यात डॉक्टर जिना उतरून खाली आला. या खोलीत तो पहिल्यांदाच येत होता. आधी चुकून पंपाच्या खोलीत शिरला.

“आर्सेनिक नाही,” तो म्हणाला. “अजिबात नाही. एक प्लॅटिनम, दोन सेलेनियम.”

“हा सेलेनियम कोण?”

“गंधकाचा धाकटा भाऊ म्हणा. टेल्युरियम त्याच्याही पाठचा. सेलेनियम तापवला तर कुजक्या मुळ्याचा वास येतो.” तो स्टूल शोधत होता, तिनं दिलं नाही. “आत थर असतात, एकावर एक. थराथरांतली पकड ढिली. म्हणून मऊ, म्हणून त्या रेघा. रंगही त्यामुळंच बदलतो.”

“पत्त्यांच्या गठ्ठ्यासारखं.”

“हो. तसंच. सुडोव्हिकोव्हाइट म्हणतात. फार दुर्मिळ.”

“नाव घेताना कवळी पडेल,” आरसाबाई म्हणाली. “मग ओरखड्यांचं काय?”

डॉक्टरनं न उघडणारी खिडकी ढकलून पाहिली. “ते ओरखडे नव्हते,” तो म्हणाला. तिनं स्टूल पुढं सरकवलं.

राजीनामा टळला. मेमो मात्र राहिला. ती हेडक्लार्ककडं गेली तेव्हा त्यानं चष्मा पुसत फाइल उघडली.

“दाणा गेला की नाही?”

“गेला.”

“तुमच्या हातून?”

“हो.”

“सही तुमचीच ना? मग कसा रद्द करू? दाणा परत आणा, मेमो परत घेतो.”

त्यामुळं आरसाबाईच्या सर्व्हिस बुकात आजही लिहिलेलं आहे: ‘निष्काळजीपणामुळे कार्यालयीन नमुना नष्ट.’ आणि पुढच्या वर्षी छापून आलेल्या डॉक्टरच्या लेखात, गुणधर्मांच्या परिच्छेदात, एक ओळ आहे: ‘खनिज अत्यंत मऊ, पॉलिश करताना एक दाणा पूर्णपणे नष्ट झाला.’ कुणाच्या हातून, ते तिथं लिहिलेलं नाही. शास्त्रात तशी पद्धत नसते. तशी पद्धत सर्व्हिस बुकात असते.

निवृत्तीच्या आदल्या आठवड्यात दुसरी वडी मशीनकडून परत आली. सेलेनियमवाल्यांचा कप्पा रिकामाच होता, आत फक्त झुरळाचा एक वाळका पंख. आरसाबाईनं कप्पा पुसला, वडी डबीत ठेवली आणि डबीवर लेबल चिकटवलं. नाव टाइप केलेलं होतं. त्याच्याखाली तिनं पेनानं, मोठ्या अक्षरांत लिहिलं:

‘रेघा दाण्याच्या आहेत. पुन्हा घासू नये.’

खाली सही केली, आणि कप्पा लावला.