जागा है क्या?

दिल्ली आजवर पुष्कळांनी जिंकली, पण त्यांना घोडे लागले, तोफा लागल्या. पाठीवर एक पिशवी, पिशवीत भडंग आणि मागून चालणारा माझ्यासारखा गुडघेदुखीचा म्हातारा, एवढ्या फौजेवर दिल्ली घेणारी एकच, माझ्या भाचीची पोर. मी चौथी शिकलेला माणूस. उभा जन्म वाशीच्या कांदा-बटाटा मार्केटात गोणी उचलण्यात गेला. पण सांगतो ते खरं आहे, आणि कुणाला पटत नसेल तर त्यानं कोपरखैरण्याला येऊन माझ्याशी वाद घालावा. वादात मला अजून कुणी हरवलेलं नाही.

भाची, जावई आणि ही पोर आमच्याच वरच्या मजल्यावर राहतात. पोरीला फिरायचं वेड लहानपणापासून, पण सरळ फिरेल तर शपथ. ती म्हणते, शहर तोंडाकडून बघायला गेलं की ते पावडर लावून बसलेलं असतं, म्हणून शेपटीकडून बघावं. मग दिसेल त्या बसमध्ये चढायचं आणि कंडक्टर 'बाई, आता उतरा' म्हणेस्तोवर उतरायचं नाही. कॉलेजात असताना बसच्या पाटीवर द्रोणागिरी वाचलं आणि डोंगर बघायला म्हणून गेली. संध्याकाळी परतली ती ट्रेलरच्या ड्रायव्हरांनी दिलेले पेरू आणि तीन-चार राज्यांची जेवायची आमंत्रणं घेऊन. मला म्हणाली, "तात्या, डोंगर मारुतीनंच नेलाय. बदली कंटेनर ठेवलेत." कपड्यांचे जोड दोनच. एक अंगावर, दुसरा धुऊन पाठीवरच्या पिशवीला अडकवलेला, चालता चालता वाळतो. पुढं लाल किल्ल्याच्या दारात शिपायानं हटकलं तेव्हा त्या पिशवीवर माझा बनियन होता. हिनं तो चाचपून बघितला आणि त्याला शांतपणे सांगितलं, "काका, अबी गीला है." सोडलं त्यानं.

तर ही पोर नोकरीला लागली आणि म्हणाली, आता सुट्टीत देश बघणार, एकटी. जावई तुर्भ्याला कंपनीत कारकून, डोकं हिशेबी. त्यांनी सरळ नाही म्हटलं नाही. म्हणाले, आधी तात्यांना दिल्ली दाखवून आण, तुझ्या पगारात, तुझ्या पद्धतीनं. परत आल्यावर तात्या 'पाठवा' म्हणाले तर कुठंही जा. नाही म्हणाले तर विषय बंद, आपण स्थळं बघायला लागू. जावयाला ठाऊक होतं की मी जन्मात कशाला हो म्हटलेलं नाही. बिल्डिंगला रंग लावायचा ठरला तेव्हाही मी एकटा विरोधात होतो, आणि आजही माझंच बरोबर आहे. मीसुद्धा निघालो तो 'नाही' गाठीला बांधूनच. पोरीला हे कळत नव्हतं असं नाही. ती एवढंच म्हणाली, "तात्या, गुडघ्याचं तेल घेतलं ना?"

दिल्लीत उतरलो तेव्हा ऊन चढलं होतं. रिक्षा करायची नाही असा तिचा नेम, म्हणून जुन्या शहरातल्या एका धर्मशाळेपर्यंत पायी. उंबऱ्यावर एक म्हातारबाबा मटार सोलत बसले होते. पोरीनं आपल्या वाशीच्या हिंदीत विचारलं, "काका, जागा है क्या?" बाबांनी आत मान वळवून बघितलं आणि म्हणाले, "हाँ बिटिया, जागा है. अभी-अभी."

पोर मला म्हणाली, "तात्या, नशीब बघा, आत्ताच खाली झाली." झालं. आम्ही आत शिरलो. मी हातपाय धुऊन अंगणातल्या खाटेवर आडवा झालो. तिनं दोरी बांधून माझं धोतर वाळत घातलं. तेवढ्यात बनियनवर, डोळे चोळत, धर्मशाळेचा मॅनेजर बाहेर आला आणि हे कोण म्हणून आमच्याकडं बघत राहिला. धर्मशाळा एका लग्नाच्या वऱ्हाडानं भरलेली, कोपरासुद्धा मोकळा नाही. मग जगह आहे असं सांगितलं कुणी? पोरीनं बाबांकडं बोट दाखवलं. बाबा मटार सोडून उभे राहिले. तो मॅनेजर त्यांचाच मुलगा. "मैंने कहा जागा है. तू जागा नहीं है क्या?"

म्हणजे आम्ही खोली विचारत होतो आणि बाबा मुलगा झोपेतून उठल्याचं सांगत होते.

मी खाटेवर उठून बसलो. मला माझा 'नाही' आयता सापडला होता. परक्या मुलखात, भर उन्हात, डोक्यावर छप्पर नाही. जावयाला आणखी काय सांगायचं? पोरीनं माझ्या तोंडाकडं एकदा बघितलं. तिलाही कळलं. तिची बोटं दोरीवरच्या धोतरावर तशीच राहिली. मग ती मॅनेजरकडं वळली आणि म्हणाली, "काका, जगह नहीं तो रहने दो. हमको आपका जागाच दे दो. हम सोएगा नहीं, जागेगा."

मॅनेजर हसायला लागला तो खाटेच्या कडेवर बसूनच. बाबा हसले, वऱ्हाडातल्या बाया बाहेर येऊन हसल्या. त्यानं गच्चीवरची बाबांची स्वतःची खोली उघडून दिली. तिथून जामा मशिदीचे घुमट हात लावण्याएवढे जवळ दिसत होते आणि खाली अख्खी जुनी दिल्ली पसरलेली. सूर्य कलेपर्यंत पोर नवरीच्या आत्यांना मेंदी काढून देत होती आणि मी वऱ्हाडाच्या पंगतीत मानाच्या पाटावर होतो. पुढं त्याच वऱ्हाडातल्या माणसांनी बसचे नंबर सांगितले, लंगरला नेलं, कुतुब दाखवला. पोरीनं मला त्यांची भाजीमंडीही दाखवली. तिथले हमाल गोणी चुकीची उचलतात. मी तसं सांगितलं, त्यांनी मला चहा पाजला.

घरी आलो तेव्हा जावई दारातच उभे. भाची त्यांच्या मागं, पोर बूट सोडत खाली मान घालून बसलेली. जावयांनी विचारलं, काय तात्या, काय म्हणता?

मी म्हणालो, "जावईबापू, पाठवा. एकटीलाच पाठवा. बरोबर कुणी दिलं की त्याला सांभाळण्यात तिचा वेळ जातो."

तेव्हापासून ती जाते. माझ्याच शब्दावर, एकटी. परवाही निघाली, गुवाहाटीला. जिना उतरून माझ्या पाया पडली, माझ्याकडं बघितलं आणि विचारलं, "तात्या, इस्त्रीचा शर्ट? कुठं निघालात?"

"बँकेत," मी म्हणालो आणि गुडघ्याच्या तेलाची बाटली खिशात आत ढकलली.

रविवार होता. तिनं माझी कॉलर नीट केली आणि गेली.